हरवलेलं रीळ, पाठ असलेलं आख्यान

खोपोलीजवळ हाळ नावाचं गाव आहे. १९७७ च्या सुरुवातीला तिथे शेकडो माणसं जमवून एक दृश्य चित्रित झालं. गर्दी पाच सुरांची एक ओळ पुन्हा पुन्हा गाते आहे. परदेशी शास्त्रज्ञांच्या वतीने त्यांना विचारलं जातं, हे सूर आले कुठून? आणि सगळे हात एकदम आभाळाकडे जातात. स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'मधलं हे दृश्य पडद्यावर उत्तर भारतातलं म्हणून येतं, पण ते हात बहुतेक रायगड जिल्ह्यातले. आम्हा तळकोकणातल्या लोकांना खालापूर तालुका म्हणजे मुंबईचंच परसदार वाटतं. तरी सरकारदरबारी रायगड कोकणात मोडतो, म्हणून मी ते दृश्य हक्काने आमच्याकडचं धरतो.

हे हात ज्या गोष्टीत वर गेले, ती गोष्ट त्या माणसाने आधी एकदा सांगून झालेली होती. साधारण तेरा वर्षांपूर्वी, अ‍ॅरिझोनात, शाळेत असताना. तो सिनेमा आता नाही.

त्याचं नाव 'फायरलाइट'. २४ मार्च १९६४ ला फिनिक्स लिटल थिएटर या नाट्यगृहात तो एकदाच लोकांना दाखवला गेला. स्पीलबर्गचं वय तेव्हा सतरा. लांबी सव्वादोन तासांच्या आसपास, म्हणजे हौशी पोराच्या सिनेमापेक्षा आपल्या जत्रेतल्या नाटकाला शोभेल अशी. गोष्ट अशी की एका छोट्या गावाच्या आभाळात रंगीत दिवे दिसायला लागतात आणि माणसं नाहीशी होतात. एक कुत्राही जातो, सैनिकही जातात. नाहीशा होणाऱ्या लहान मुलीचं काम त्याच्या धाकट्या बहिणीने, नॅन्सीने केलं होतं. खर्च पाचशे डॉलरच्या आसपास झाला आणि तिकिटं विकून एक डॉलर नफा राहिला, असं तो स्वतः सांगत आला आहे. त्या एका डॉलरचा किस्सा त्याने इतक्या वेळा सांगितला आहे की तो खरा असो वा थोडा घासून गुळगुळीत केलेला, आता तोच इतिहास आहे.

मला त्या खेळापेक्षा त्यामागचं घर जास्त दिसतं. वडील अर्नल्ड इलेक्ट्रिकल इंजिनिअर, संगणकाच्या सुरुवातीच्या काळात त्या कामात असलेले. पैसे त्यांनी पुरवले. आई लिआ पियानो वाजवायची. पोराने क्लॅरिनेटवर जुळवलेल्या सुरावटी तिने पियानोवर बसवून नीट लिहून काढल्या आणि त्या शाळेच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. त्याच्या आधीच्या एका युद्धपटात जीप चालवायला कोणी नव्हतं तेव्हा तीच गणवेश घालून गाडीत बसली होती. चित्रीकरण शनिवार-रविवारी चालायचं, घराच्या पडवीत सेट लागायचे. जिने घर आवरायचं तिचंच घर हे सगळं होऊन विस्कटायचं, आणि ती आवरायच्या ऐवजी जीप चालवायची. अशी आई असल्यावर सिनेमा हरवला काय आणि राहिला काय, मुलगा थांबणार नव्हताच, असं मला वाटतं. प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी हे कुटुंब फिनिक्स सोडून कॅलिफोर्नियाला राहायला गेलं. पुढे आईवडिलांचा घटस्फोट झाला.

आणि रिळं? तीही गेली. काम मागत फिरत असताना एका छोट्या निर्मात्याला नमुना म्हणून त्याने रिळं पाहायला दिली. परत आणायला गेला तर कंपनीच गुंडाळलेली, माणूस पसार. उरली आहेत तीन-चार मिनिटं.

आज आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, कारण आपल्याकडे प्रत्येक गोष्टीच्या दहा प्रती असतात. पण त्या काळचा आठ मिलिमीटरचा घरगुती सिनेमा कसा बनायचा ते समजून घेतलं तर तो हरवला याचं नवल वाटत नाही. थिएटरच्या सिनेमाची आधी निगेटिव्ह बनते आणि तिच्यावरून हव्या तेवढ्या प्रती निघतात. घरगुती फिल्म होती 'रिव्हर्सल' जातीची. कॅमेऱ्यातून जी पट्टी फिरली तीच रसायनात धुऊन पॉझिटिव्ह व्हायची आणि तीच प्रोजेक्टरवर चढायची. निगेटिव्ह कुठे नाहीच. जे कापलं, जोडलं, ओरबाडलं, ते मूळच. पंचवीस फुटांचं रीळ सोळा मिलिमीटर रुंद यायचं. एका कडेने अर्धी रुंदी वापरायची, मग अंधारात किंवा सावलीत रीळ उलटून दुसऱ्या कडेने उरलेली अर्धी. धुताना ते मधोमध उभं चिरायचे आणि दोन तुकडे जोडून पन्नास फूट द्यायचे. सेकंदाला सोळा चौकटींच्या वेगाने त्यातून चार मिनिटं मिळतात. म्हणजे 'फायरलाइट'च्या लांबीला किमान चौतीस-पस्तीस रिळं, फुकट गेलेली वेगळी. पोरांनी संवाद नंतर ओठांशी जुळवून बोलून भरले. इतक्या उस्तवारीचा माल, आणि त्याची जगात एकच प्रत. हे सगळं पाहिल्यावर मला त्या पोराच्या प्रतिभेपेक्षा चिकाटीचं जास्त कौतुक वाटतं. सतराव्या वर्षी प्रतिभा पुष्कळांकडे असते.

ज्या फेब्रुवारीत पुण्याला राष्ट्रीय फिल्म संग्रहालय सुरू झालं, ती १९६४ चीच. फिनिक्समधल्या त्या एका रात्रीच्या जेमतेम दोन महिने आधीची. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला ही जोडी आवडते. संग्रहालय सुरू झालं तेव्हा आपल्याकडचं बरंच काही आधीच नाहीसं झालेलं होतं. 'आलम आरा' नाही. मूकपटांतले बहुतेक नाहीत. दादासाहेब फाळक्यांनी पहिला कथापट काढण्याआधी भांडवल उभं करण्यासाठी मटाराच्या रोपाची वाढ टिपून एक छोटी फिल्म केली होती, तीही नाही. आणि १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'? फाळक्यांनी तो १९१७ मध्ये स्वतःच परत काढला. आज जो भाग जतन आहे तो पहिला की दुसरा, यावर अभ्यासक भांडतात. भांडू देत. मला त्यातली मौज वेगळी वाटते. सिनेमाचा आपल्याकडचा आद्य पुरुष चार वर्षांत तीच गोष्ट परत लावतो आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

वाटेल कसं? आमच्या बाजूला तर रोजच्या रोज हेच चालतं. त्रिपुरारी पौर्णिमेच्या आसपास जत्रा सुरू झाल्या की वेंगुर्ल्या-कुडाळच्या वाटांवर दशावताराचे पेटारे फिरायला लागतात ते थेट वैशाखापर्यंत. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दशावताराला संहिता नसते. आधी आडदशावतार होतो, गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, मग संकासुर आणि त्याची टिंगल. नंतर आख्यान. कुठलं लावायचं ते त्या दिवशी ठरतं. नट रंगपेटीसमोर बसून स्वतःच तोंड रंगवत असतात आणि तेवढ्यात ठरतं की तू अभिमन्यू, तू सुभद्रा, गोष्ट इथून सुरू आणि इथे शेवट. बाकी सगळं रंगमंचावर. समोरच्याने टाकलेला शब्द उचलायचा, बुवाने पायपेटीवर सूर दिला की पद म्हणायचं, मृदंगाच्या थापेवर युद्ध करायचं. पहाटे दहीकाला होतो, लोक उठून घरी जातात आणि रात्री जे काही झालं ते संपलं. त्याच मंडळीने तेच आख्यान दुसऱ्या देवळात लावलं तर त्यातलं एक वाक्यही तसं येईलच असं नाही. मी लहानपणी ज्या रात्री पाहिल्या त्या कुठेही नोंदलेल्या नाहीत आणि मला त्यांचं दुःखही नाही.

स्पीलबर्गची रिळं हरवली, पण आख्यान त्याच्याजवळ राहिलं. आणि ते मुळात रिळांच्याही आधीचं होतं. लहान असताना एका रात्री वडिलांनी त्याला झोपेतून उठवून गाडीत घातलं आणि उल्कावर्षाव बघायला नेलं. माळावर माणसं चादरी अंथरून पडली होती. हा प्रसंग त्याने अनेकदा सांगितला आहे. आभाळातून काही येतं आहे आणि त्याची भीती वाटत नाही. 'फायरलाइट'मध्ये मात्र येणारे माणसं उचलून नेणारे होते. १९७७ मध्ये त्याने तीच गोष्ट परत लावली तेव्हा लहान पोर तिकडे हसत जातं, मोठा माणूस स्वखुशीने यानात चढतो. सतराव्या वर्षी सुचलेला शेवट तिसाव्या वर्षी बदलला. मग त्या सिनेमालाही त्याने स्वस्थ बसू दिलं नाही. १९८० मध्ये वेगळी आवृत्ती आली, १९९८ मध्ये आणखी एक. २०२२ मध्ये 'द फेबलमन्स' काढताना पोरवयातल्या त्या युद्धपटाचं चित्रीकरण त्याने पुन्हा उभं केलं. हा माणूस वृत्तीने दशावतारी आहे. त्याला रीळ जपण्यापेक्षा परत तोंड रंगवायला जास्त आवडतं.

म्हणून मला 'फायरलाइट' सापडायला नको आहे. सापडला तर काय होईल ते दिसतंच आहे. जाणकार प्रत्येक चौकटीत पुढच्या महान दिग्दर्शकाची चाहूल शोधतील, इथे बघा हा कॅमेरा, इथे बघा हा उजेड. पोरांनी शनिवारी-रविवारी घाम गाळून केलेली गंमत परीक्षेच्या पेपरासारखी तपासली जाईल. जे हरवून कोणाचंच अडलं नाही, ते हरवलेलंच बरं.

इथपर्यंत माझं मत स्वच्छ आहे. मग दादा आठवतो आणि ते गढूळ होतं.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. नव्वदच्या दशकात, मी शाळेत असताना, त्याने आमच्या वाडीत सिनेमा काढला होता. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारा एक जण ओळखीचा होता, त्याचा खांद्यावरचा कॅमेरा पावसाळ्यात रिकामाच असायचा, कारण चातुर्मासात लग्नं कुठली? गोष्ट होती देवचाराची. आमच्याकडे प्रत्येक गावाला राखणदार असतो, रात्रीचा शिवेवरून फिरतो, घोंगडी, हातात काठी, आणि लांबून दिसते ती त्याची पेटती चूड. वाडीतली एक मुलगी संध्याकाळी गुरं आणायला जाते आणि परत येत नाही. सगळे शोधतात. शेवटी मळ्याच्या पलीकडे तांबडा उजेड चालत जाताना दिसतो आणि मुलगी पेजेच्या वेळेला घरी हजर. मध्ये काय झालं ते ती सांगत नाही.

मुलगी हरवणं, रात्रीचे दिवे. दादाने 'फायरलाइट'चं नावही ऐकलेलं असायचं कारण नव्हतं. आमच्या गावात तेव्हा फोनसुद्धा दुकानात होता. पण ज्या मुलखात रात्री गडद काळोख असतो, तिथल्या पोरांना लांबचा उजेडच आधी सुचणार. अ‍ॅरिझोनाचं वाळवंट असो की भाताचा मळा.

तांबडा उजेड मीच होतो. जत्रेच्या नाटकातल्या दिव्यांवर लावतात तो लाल जिलेटीन कागद बॅटरीवर बांधून मला बांधाच्या पलीकडून चालत जायला सांगितलं होतं. खऱ्या चुडीचा उजेड कॅमेऱ्यात पिवळा धूर दिसायचा, म्हणून ही युक्ती. लग्नाचा कॅमेरा हॅलोजनच्या झगमगाटात चालणारा, त्याला काळोखातलं काही दिसत नसे. पडद्यावर माझ्याऐवजी एक तांबडा ठिपका हलताना यायचा, आणि दादाच्या मते तेच उत्तम होतं. दोन व्हीसीआर जोडून त्याने काटछाट केली. गणपतीत भाड्याचा टीव्ही आणून तो मांडवात दाखवला. मुलगी हरवल्यावर तिची आई रडते, त्या ठिकाणी सगळा मांडव हसला, कारण आईचं काम करणाऱ्या काकीला रडताना मध्येच शिंक आली होती आणि दादाने ती कापली नव्हती. विचारलं तर म्हणाला, "शिंक काय खोटी हा? रवांदे."

पुढे एका घरच्या लग्नात कोरी कॅसेट कमी पडली. हातात आली ती दादाची. व्हीएचएसमध्ये नव्याने टेप करताना आधीचं मुळीच राहत नाही, टेपवर आधी पुसणारं हेड फिरतं आणि मग लिहिणारं. लग्न तासाभरात आटपलं, सिनेमा त्याहून थोडा लांब होता. त्यामुळे वरातीनंतर एकदम काळोख, रातकिडे, तांबडा ठिपका, आणि कॅमेऱ्यामागून दादाचा आवाज: "फाटी सर, मेल्या, फाटी!" मग मुंग्या. त्या मेल्या म्हणजे मी. एवढंच उरलं. नंतर तेही नीट राहिलं नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पावसाळ्यात पिशवीतल्या चपलांनाही बुरशी धरते, तिथे टेपवरचा लोहाचा थर आणि त्याला धरून ठेवणारा गोंद काय टिकणार? संग्रहालयं फिल्म थंड, कोरड्या खोलीत ठेवतात. आम्ही ती कॅसेट माळ्यावर, आंब्याच्या पेट्यांच्या शेजारी ठेवली होती. कुडाळला कॅसेटवरून पेनड्राइव्हवर उतरवून देणाऱ्याकडे नेली तर त्याने झडप उघडून पाहिलं आणि परत माझ्या हातात दिली. "ही लावली तर माझं मशीन जाईल, भाऊ." त्याचं बरोबर होतं. टेपच्या कडेला पांढरी लव दिसत होती.

दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जांवदे. बुरशेन खाल्ल्यान. लग्नाच्या जेवणात हो एक पाहुणो जास्त."

पण त्याने दुसरा सिनेमा काढला नाही. मुंबईला गेला, नोकरी, लोकल, डोंबिवली. गणपतीला येतो. स्पीलबर्गचं हरवलं ते त्याच्या पुढच्या सिनेमात परत आलं, म्हणून ते हरवणं गोष्ट म्हणून सांगायला छान वाटतं. फाळक्यांना दुसऱ्यांदा हरिश्चंद्र लावता आला. दशावतारी नटाला उद्याची जत्रा असते. दादाला उद्याची जत्रा नव्हती, त्याचा तो एकच खेळ, आणि त्याची एकच प्रत. 'फायरलाइट' न सापडला तरी चालेल असं मी सहज म्हणतो ते त्याच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या जोरावर. दादाच्या कॅसेटबद्दल माझ्याने तसं म्हणवत नाही. ती मला हवी आहे. काकीच्या शिंकेसकट हवी आहे. काकी आता नाही, तिचा हलता-बोलता दुसरा कुठला तुकडा आमच्याकडे नाही.

कोकणात अशा कॅसेटी पुष्कळ असणार. प्रत्येक वाडीत कोणीतरी एकदा नाटक बसवलेलं असतं, कोणी लग्नाच्या कॅमेऱ्यावर शिमग्याचे खेळे टिपलेले असतात, गोमूचा नाच, पालखी, आणि मागे उभी असलेली तेव्हाची सगळी माणसं. त्या हरवल्या असंही कोणी म्हणत नाही, कारण हरवली म्हणायला आधी कोणाला तरी ठाऊक असावी लागते. ज्यांच्या घरी अजून आहेत त्यांना एवढंच सांगेन की माळ्यावरून आधी खाली काढा, उभ्या ठेवा, कोरड्या डब्यात ठेवा. व्हीसीआर दुरुस्त करणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत, तेव्हा फार दिवस वाट पाहू नका. आणि पांढरी लव दिसली तर ती मशीनमध्ये घालू नका.

गेल्या गणपतीत दादा खळ्यात बसून पोरांना देवचाराचा सिनेमा सांगत होता. दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी तो थोडा लांबतो. या वेळी त्यात एक होडीही आली, जी माझ्या आठवणीत तरी नव्हती. मी काही बोललो नाही. माझा पुतण्या मुंबईत वाढलेला, तो म्हणाला, "काका, मग परत काढूया ना. मोबाईलवर होईल."

दादा उसळला. "आता काळोख खंय उरलो? शिवेपर्यंत एलईडी लायल्यानी. देवचार दिसतलो खंय?"

पुतण्याने लगेच उपाय काढला. वायरमन ओळखीचा आहे, मळ्याकडचे दिवे तासभर बंद ठेवता येतील. यावर मोठ्या माणसांची बरीच चर्चा झाली, पंचायतीला विचारावं लागेल का, साप-किरडू निघालं तर काय, आणि मुलीचं काम कोण करणार, कारण वाडीत त्या वयाची मुलगीच नाही, सगळी कुटुंबं मुंबईला. दादाने अजून हो म्हटलेलं नाही. पण परवा रात्री त्याचा फोन आला होता. तुझ्या मोबाईलात काळोखातला तांबडा रंग तांबडाच दिसतो की नारिंगी होतो, ते जरा बघून सांग म्हणाला.